मोडीत घालण्याआधी पदकाची पाठ वाचा

संपादक महोदय,

चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेला तेव्हापासून घरोघरची जुनी चांदी बाहेर निघाली आहे. फुटकी निरांजनं, बाळांचे वाळे, झिजलेले करंडे, पैंजणांचे तुकडे, तळ गेलेली फुलपात्रं, सगळं मोडीत येतं. आमची पेढी दापोलीची. खेड, मंडणगड या बाजूंकडूनही गिऱ्हाईक येतं. या मोडीत मधूनच एखादं जुनं फौजी पदक निघतं. त्याचं पुढे काय होतं ते आपल्या वाचकांना सांगायचं आहे, कारण ते थांबवणं वाचकांच्याच हातात आहे.

पदक काट्यावर जातं, कस पाहिला जातो, घट वजा होते, पैसे हातावर पडतात. संध्याकाळी ते मुशीत जातं आणि काही मिनिटांत त्याचा रस होतो. पण त्या पदकावर एका माणसाचं नाव असतं. त्याचा हुद्दा असतो, पलटण असते. साहेब लोकांची नावं पुस्तकांत आहेत, पुतळ्यांखाली आहेत, चर्चच्या भिंतींवर आहेत. कोकणातल्या साध्या शिपायाचं नाव धातूवर कोरलं गेलं असेल तर ते बहुतेक याच एका जागी, आणि ते आपण आपल्या हाताने आटवतो आहोत.

आपल्या भागात अशी पदकं निघतात त्याला कारण आहे. पेशवाई बुडाली त्या १८१८ नंतर इंग्रजांनी दापोलीला छावणी टाकली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. पुढे फौज इथून हलली, पण निवृत्त शिपाई, हवालदार, सुभेदार इथे राहत आले. मुंबई फौजेची भरती बऱ्याच अंशी रत्नागिरी जिल्ह्यातूनच व्हायची. कोकणातले मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल म्हणजे इथले ज्यू, आणि ज्यांना परदेशी म्हणत ते उत्तर हिंदुस्थानी अशी सरमिसळ एका पलटणीत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते, वडील रामजी सुभेदार झाले आणि पेन्शनीनंतर काही काळ कुटुंबासह दापोलीत राहिले. ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो शिपाई होता, आणि पदकावरचा हुद्दाही शिपायाचाच आहे.

मागच्या उन्हाळ्यात जवळच्या एका गावातल्या ताई पेढीवर आल्या. घराचं छप्पर पावसाआधी शाकारायचं होतं. रुमालाच्या गाठीतून त्यांनी तोरड्यांची एक जोडी, दोन अंगठ्या आणि एक गोल पदक काढलं. म्हणाल्या, “भाऊ, हा राणीचा रुपया सासऱ्यांच्या पेटीत होता. याचं काय येतं ते बघा.” पदक काळं पडलं होतं. रुपयाहून किंचित मोठं, वर एक मुकुट आणि त्याला कडी. समोरून राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा, भोवती नऊ टोकांची चांदणी, आणि प्रत्येक दोन टोकांच्या मध्ये एकेक इंग्रजी अक्षर. नऊ अक्षरं जुळवली की ‘ॲबिसिनिया’ होतं. मी ते उलटं केलं. या पदकाची नेहमीपेक्षा वेगळी गोष्ट अशी की शिपायाचं नाव कडेवर नसून पाठीवर मधोमध, पानांच्या वेलबुट्टीच्या आत असतं. गोऱ्या शिपायांच्या पदकांवर नावं उठावाची होती. आपल्या लोकांची बहुतेक ठशाने ठोकलेली. भिंग लावून मी अक्षरं वाचली. नाव महार शिपायाचं, पलटण मुंबईच्या देशी पायदळाची १० वी.

नाव मोठ्याने वाचलं तेव्हा ताई म्हणाल्या, “आमच्या घराला वाडीत अजून पलटणवाल्याचं घर म्हणतात. का म्हणतात ते कुणी सांगितलं नव्हतं.” हिशेब केला तर तो माणूस त्यांच्या सासऱ्यांचा पणजोबा निघतो. नाव छापू नका असं घरच्यांनी सांगितलं आहे, म्हणून मी ते इथे देत नाही.

मला इतिहासाची गोडी पहिल्यापासून आहे. ॲबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया, हे ठाऊक होतं. पण दापोलीचा माणूस तिथे का गेला हे नीट माहीत नव्हतं, म्हणून वाचत गेलो. तिथला बादशहा थिओडोर, त्यांच्या भाषेत तेवोद्रोस, याने राणीला पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही, त्या रागात त्याने इंग्रज सरकारचा तिथला वकील (कॉन्सल) कॅमेरून, पाद्री आणि इतर युरोपीय लोकांना कैदेत टाकलं. त्यांना सोडवायला १८६७ मध्ये मोहीम निघाली, आणि तिचं सेनापतीपद मुंबई फौजेचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्याकडे आलं. म्हणून फौज मुंबईहून गेली. सुमारे १३,००० लढवय्ये, त्यांच्या दुपटीने बाजारबुणगे, हमाल, खेचरवाले, भिस्ती, आणि तोफा वाहायला ४४ हत्ती. मुंबईच्या बंदरात हत्ती जहाजात चढवले गेले, तांबड्या समुद्राच्या काठी झुला नावाच्या जागी उतरवले गेले आणि तिथून डोंगरांत शेकडो मैल चालवले गेले.

१० वी पलटण आघाडीच्या फौजेत होती. आघाडी ऑक्टोबर १८६७ मध्येच तिकडे उतरली, नेपियर स्वतः जानेवारीत आला. झुल्याला पिण्याचं पाणी नव्हतं. जहाजांवर समुद्राचं पाणी उकळून, वाफ गार करून प्यायचं पाणी काढत आणि ते मापाने वाटत. माणसांना पुरेना, जनावरांना कुठून पुरणार? खेचरं दावी तोडून पळत, किनाऱ्यावर मरून पडत, त्यांची दुर्गंधी छावणीभर असे. आमच्या कोकणात चैत्रात विहिरीचा तळ दिसतो, बायका दोन-दोन मैल हंडे वाहतात. त्या भागात वाढलेल्या माणसाला पाण्याची टंचाई नवी नव्हती. पण मापाने मिळणाऱ्या पाण्यावर दिवसभर सामान उतरवायचं आणि रस्ता फोडायचा ही वेगळी गोष्ट.

तिथून वर सुरू नावाची अरुंद खिंड. दोन्ही अंगांना कातळाचे कडे, मध्ये गोटे पसरलेलं कोरडं पात्र. सॅपर्सच्या, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या फौजी तुकडीच्या, बरोबरीने पायदळाच्या शिपायांनीही पहारी आणि सुरुंग घेऊन तो रस्ता तोफा आणि हत्ती जातील एवढा रुंद केला. खिंड चढून गेलं की सेनाफे, समुद्रसपाटीपासून जवळजवळ ८,००० फूट. खाली अंग भाजणारी हवा, वर रात्री हाडं गोठवणारी थंडी. पुढे अदिग्रात, अंतालो, अशंगीचं तळं, असं करत झुल्यापासून थिओडोरच्या मगदल्याच्या गडापर्यंत सुमारे ४०० मैल. जाड लोकरी कपड्यांऐवजी साऱ्या फौजेने खाकी घातलेली ही इंग्रजांची पहिली मोठी परदेशी मोहीम समजतात.

मी चांदीत काम करणारा माणूस, त्यामुळे या मोहिमेतली एक गोष्ट माझ्या विशेष लक्षात राहिली. त्या मुलखात इंग्रजांचा पौंड चालत नव्हता, आपला रुपयाही नाही. धान्य, गवत, खेचरं, वाटाडे, सगळ्यांचे पैसे ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीच्या चांदीच्या नाण्यात द्यावे लागत. नाण्यावरचा सनही १७८० च लागे, राणी त्याच साली वारली होती तरी. व्हिएन्नाच्या टांकसाळीत त्याच सनाची नाणी मोहिमेसाठी नव्याने पाडून घेतली गेली. तिथला शेतकरी नाणं हातात घेऊन राणीच्या मुकुटावरचे मोती आणि खांद्यावरचं पदक निरखून बघे, झिजलेलं असेल तर परत करी. भाषा येत नसलेल्या बाजारात त्या शेतकऱ्यासमोर उभे राहून आमचे शिपाई दूध, कोंबड्या विकत घेत. चांदीवरचं नक्षीकाम वाचल्याशिवाय ते लोक व्यवहार करत नव्हते, आणि आपण आपल्याच माणसाचं नाव न वाचता मूस पेटवतो.

१० एप्रिल १८६८ ला मगदल्याखाली आरोगीच्या पठारावर लढाई झाली. गोऱ्या पलटणींच्या हातात पाठीमागून भरायच्या नव्या स्नायडर बंदुका होत्या, देशी पलटणींना मात्र तोंडाकडून भरायच्या जुन्याच. १८५७ नंतर चांगलं हत्यार आपल्या लोकांच्या हाती द्यायला सरकार धजत नव्हतं. थिओडोरचे सुमारे ७०० लोक मारले गेले, इंग्रजांकडे जखमी झालेल्यांतले दोघे पुढे दगावले. याला लढाई म्हणावं की नाही हा प्रश्न मला पडतो. १३ एप्रिलला गड पडला आणि थिओडोरने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मग लूट. ग्रंथ, मुकुट, चर्चमधली सोन्याचांदीची भांडी १५ हत्ती आणि जवळजवळ २०० खेचरांवर लादून खाली आणली, दलांताच्या पठारावर लिलाव झाला आणि त्याचे सुमारे ५,००० पौंड फौजेत वाटले गेले. गड जाळला. थिओडोरचा सात वर्षांचा मुलगा अलेमायेहू इंग्लंडला नेला, तो तिथेच १८७९ मध्ये वारला. चर्चमधल्या त्या वस्तू परत मिळाव्यात म्हणून इथिओपियाचे लोक आजही मागणी करतात, आणि ती मागणी मला रास्त वाटते.

हे सगळं मी मुद्दाम लिहितो, कारण पदकाचा अभिमान धरताना त्यामागचं दुःख लपवू नये. शिपाई स्वतःहून त्या मुलखावर चालून गेला नाही. पोटासाठी पलटणीत गेला, हुकूम आला तिकडे गेला. मुंबईच्या बऱ्याच पलटणींचं काम झुला ते मगदला या वाटेवरची ठाणी सांभाळायचं, धान्याच्या तांड्यांबरोबर पहारा द्यायचा. कैदी सुटल्याची बातमी लंडनला पोचली, तेव्हा हा माणूस कुठल्या तरी ठाण्यावर पोत्यांच्या राशीशेजारी उभा असणार. पदक गड चढणाऱ्यालाही मिळालं आणि ठाणं राखणाऱ्यालाही.

आता पैशाचं. देशी शिपायाचा पगार महिना ७ रुपये. हा आकडा १८९५ पर्यंत टिकला, तेव्हा ९ झाला. त्या ७ रुपयांत छावणीत असताना धान्य बनियाकडून स्वतः विकत घ्यायचं, कपड्यालत्त्याचा काही भाग स्वतः भरायचा, लाइनीतली झोपडी स्वतः उभी करायची. बायको-मुलं बरोबर असत, म्हणून घराचा खर्चही त्यातूनच. मोहिमेवर शिधा आणि भत्ता मिळे, त्यामुळे परदेशी मोहीम म्हणजे चार पैसे मागे पडायची संधी. त्यासाठी माणसं समुद्र ओलांडत. मोहिमेचा एकूण खर्च जवळजवळ ९० लाख पौंडांवर गेला. त्यातला हिंदुस्थानी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीवर टाकावा असं लंडनच्या पार्लमेंटने ठरवलं. कॅमेरूनच्या सुटकेचा हिशेब रत्नागिरीच्या शेतसाऱ्यातून भरला गेला, असं म्हटलं तर त्यात काही वावगं नाही. दादाभाई नौरोजींसारख्यांनी त्यावर तेव्हाच आवाज उठवला होता.

अंग साथ देईनासं झालं की पेन्शन. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या साध्या शिपायाला ती महिना ४ रुपयांच्या आसपास असे. पण ४ रुपये का होईना, ते रोख होते. महारकीच्या बलुत्यावर, दुसऱ्याने टाकलेल्या धान्यावर ज्यांच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, त्यांच्या घरात सरकारकडून दर महिन्याला ठरलेलं नाणं येणं ही त्या वाडीतली केवढी मोठी गोष्ट असेल! दुसरी मोठी गोष्ट शाळा. पलटणींतून शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, लिहायला-वाचायला शिकवत. गावातल्या शाळेत ज्या मुलाला उंबऱ्याबाहेर बसवलं असतं, तो पलटणीच्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवत होता. रामजी सुभेदार अशाच फौजी शाळेत हेडमास्तर होते. या चार अक्षरांतून पुढे काय उभं राहिलं ते महाराष्ट्राला सांगायची गरज नाही.

या पदकामागची मला सगळ्यात लागलेली गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने फौज जातवार बांधायला घेतली, लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असा भेद केला आणि महारांची भरती बंद केली. भीमा कोरेगावच्या खांबावर १ जानेवारी १८१८ ला पडलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यांतली २२ नावं ‘नाक’ लागलेली, म्हणजे महार शिपायांची. त्यानंतर मुलतान, इराण, ॲबिसिनिया, अफगाणिस्तान, ब्रह्मदेश, एवढ्या ठिकाणी रक्त आणि घाम गाळलेल्या लोकांना कागदाच्या एका तुकड्याने सांगितलं की तुम्ही लढाऊ नाही. ज्याने सुरू खिंडीत पहार मारली त्याच्या मुलाला पलटणीच्या दारातून परत फिरवलं. पेन्शन चालू राहिली, पण घरातली दुसरी पेन्शन कधी आली नाही, पलटणीची शाळाही गेली.

याविरुद्ध पहिला आवाज आमच्याच मातीतून उठला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत राहिले. महात्मा फुल्यांच्या विचारांनी भारलेले हे गृहस्थ वर्तमानपत्रांतून लिहीत. आपल्या ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ या संस्थेच्या वतीने, भरती पुन्हा सुरू करा म्हणून, १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे पाठवण्यासाठी अर्ज तयार केला. त्यामागे याच भागातले पेन्शनर होते. पुढे अस्पृश्यांचे पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये हीच मागणी थेट विलायतेपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला. म्हणजे ताईंच्या घरातल्या माणसाच्या पदकानंतर तब्बल ७३ वर्षांनी.

अर्ज करणाऱ्यांकडे पुरावा काय होता? आम्ही नोकरी केली हे दाखवायला पेन्शनीचं पुस्तक आणि छातीवरचं पदक. कागद वाळवीने खाल्ले, वाटण्यांत हरवले, घरं पडली तेव्हा कौलांखाली गेले. पदक टिकलं कारण ते चांदीचं होतं. आणि आता चांदीचं आहे म्हणूनच ते जातं आहे.

मला काही जण म्हणतात, इंग्रजांच्या चाकरीचं पदक, ते आटलं तर काय बिघडलं? या प्रश्नाचा मला राग येत नाही, पण तो मला पटत नाही. ज्या मराठ्याचा, महाराचा, मुसलमानाचा मुलगा कोकणातल्या उपासमारीतून बाहेर पडायला ७ रुपयांवर पलटणीत गेला, त्याने काय करायला हवं होतं हे आपण दीडशे वर्षांनी पंख्याखाली बसून सांगू नये. तो चूक की बरोबर हे ठरवायचं असलं तरी तो होता हे तर आधी माहीत असायला हवं.

आता कामाचं बोलतो. जुनी फौजी पदकं ओळखायची कशी, हे माझ्या धंद्यातल्या अनुभवावरून लिहितो. ॲबिसिनियाचं वर सांगितलंच. १८७८-८० च्या अफगाण युद्धाच्या पदकाच्या पाठीवर डोंगरवाटेने जाणारी फौज आणि पाठीवर तोफ घेतलेला हत्ती असतो, नाव कडेवर असतं. ते हाती आलं तर लक्षात ठेवा, २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत मुंबई फौजेच्या दोन देशी पलटणी होत्या आणि त्या दिवशी सुमारे २,५०० च्या फौजेतले हजाराच्या जवळपास लोक पडले. १८८५-८७ च्या ब्रह्मदेशच्या मोहिमेत लढणाऱ्याला चांदीचं आणि भिस्ती, डोलीवाले यांना काशाचं पदक दिलं. हे काशाचं पदक सराफाकडे येत नाही, ते थेट भंगारवाल्याकडे जातं. घरातल्या पितळेच्या-तांब्याच्या मोडीतही एकदा हात घालून बघा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली तर थांबा.

घासू नका. चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट, काही लावू नका. काळेपणाने चांदीचं काही बिघडत नाही. ठशाची अक्षरं मात्र घासून घासून सपाट होतात, आणि एकदा गेली की कुठलाही कारागीर ती परत आणू शकत नाही. बऱ्याच घरांत पदकाला कडी डाग देऊन ते बाळाच्या गळ्यात किंवा देवाच्या माळेत ओवलेलं असतं. असेल तर असू द्या, कडी काढायला आणखी ताव देऊ नका. मऊ सुती कापडात गुंडाळा, रबराने बांधू नका, रबराने चांदी काळी पडते. फीत शिल्लक असेल, कितीही जीर्ण असली, तरी पदकाबरोबर ठेवा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो घ्या, उजेड समोरून न घेता बाजूने तिरका घ्या, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. अक्षरं जशी आहेत तशी वहीत उतरवा. कारकुनाने नाव चुकीचं लिहिलं असेल, तुम्हाला ते खटकेल, तरी सुधारू नका. कागदपत्रांत शोधायचं तर तेच चुकीचं नाव उपयोगी पडतं. इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या सरकारी खात्याचे, कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांत पदकांच्या याद्याही आहेत.

पैशांची अडचण खरी असते, छप्पर गळत असताना इतिहास सांगू नये हे मलाही कळतं. पण हिशेब सांगतो. असं एक पदक वजनाला दोन-तीन तोळ्यांचं. त्याची मोडीची किंमत एका खोलीच्या पत्र्यांनाही पुरत नाही. विकायचंच झालं तर आधी फोटो आणि नाव गावात ठेवा, मग विचार करा. फिरते व्यापारी दारावर येऊन घेऊन जातात, त्यांना कायदा सांगा: शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती परस्पर देशाबाहेर नेता येत नाही. ताईंनी तोरड्या विकल्या, पदक घरी नेलं. छप्पराचं काम उधारीवर झालं.

माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती आहे. मोडीत पदक आलं तर मूस पेटवण्याआधी भिंग लावा, नाव गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवा. फार वेळ लागत नाही. नाव ऐकल्यावर विकण्याचा विचार बदललेली माणसं मी पाहिली आहेत. न बदलला तरी फोटो ठेवून द्या. मी माझ्या पेढीवर त्यासाठी वेगळी वही ठेवली आहे.

आणि आपल्याला, संपादक महोदय, एक मागणं. दापोली, खेड, मंडणगड, गुहागर, चिपळूण, महाड, पोलादपूर या तालुक्यांतल्या वाचकांनी आपल्या घरातल्या पदकावरचं नाव, नंबर, पलटण आणि आपलं गाव एवढंच कळवावं, आणि घरच्यांची हरकत नसेल ती नावं आपण या सदरात दर आठवड्याला चार ओळींत छापावीत. ज्यांना नाव छापायला नको, त्यांनी नुसतं पलटण आणि गाव कळवावं. त्या त्या गावच्या शाळेत आणि वाचनालयात ती कात्रणं एका वहीत चिकटवायचं काम आम्ही इथले काही जण करायला तयार आहोत. पहिली ओळ मी आजच पाठवतो आहे: ॲबिसिनिया, १८६७-६८, मुंबई देशी पायदळ, १० वी पलटण, दापोली तालुका.

आपला,
एक सराफ
दापोली, जि. रत्नागिरी